आप्पांच्या गाडीचं तेल

खंडेनवमीची पूजा आटोपली होती. संभाजीआप्पांच्या काळ्या एसयूव्हीच्या बॉनेटवर झेंडूची माळ लोळत होती, चारी चाकांखाली लिंबं सरकवलेली होती आणि फोडलेल्या नारळाचं पाणी बंपरवरून ओघळत होतं. अंगणात भाऊबंद पेढे खात उभे होते. त्या सगळ्यांसमोर आप्पांनी हाक मारली.

“ए उत्कर्षा! हिकडं ये जरा. ह्या संतोषनं डोकं उठवलंय माझं.”

संतोष म्हणजे गॅरेजवाला. मूळचा वाशीमकडचा, धानोरीच्या रस्त्याला आप्पांचंच पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन त्यानं आपला जम बसवला होता. पूजेला बोलावलं म्हणून तो आला होता आणि आता आलो कशाला, अशा चेहऱ्यानं उभा होता.

“वॉरंटी संपली गाडीची,” आप्पा म्हणाले. “म्हटलं शोरूमवाल्यांचे चोचले बास झाले, आपल्याच शेडात तेल बदलू. तर ह्यो म्हणतोय, सिंथेटिकच लागंल. आरं, सिंथेटिक म्हंजी नकली! एवढ्या भारी गाडीत नकली तेल वतू व्हय? तू तेलाची डागदर. तूच सांग आता. सिंथेटिक घालू, का ओरिजिनल?”

“मॅडम, गाडीच्या पुस्तकात फुल सिंथेटिक लिहून हाये,” संतोष चाचरत म्हणाला. “टर्बो इंजिन हाये. मी तेवढंच सांगून राहिलो.”

उत्कर्षा भोसरीच्या एका प्रयोगशाळेत वंगणं तपासायचं काम करत होती. कुठलं तेल किती तापलं की किती पातळ होतं, कुठल्या इंजिनातून आलेल्या तेलात लोखंडाचा चुरा आहे आणि कुठल्यात तांब्याचा, हे सांगण्यात तिची बारा वर्षं गेली होती. आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं आप्पांकडे पाहिलं. त्यांच्या मिशीला पेढ्याचा कण चिकटला होता.

“ओरिजिनलच घाला, आप्पा,” ती म्हणाली. “तुमच्या गाडीला तेच शोभेल.”

“बघ!” आप्पांनी संतोषच्या पाठीत थाप मारली. “शिकल्याली माणसं काय म्हणत्यात बघ.”

“आणि सारखं सारखं बदलत बसू नका,” उत्कर्षानं शांतपणे पुढे जोडलं. “ओरिजिनल आहे. टिकेल.”

संतोषनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू मास्तरांनीच फळ्यावर चुकीची बेरीज लिहिली आहे आणि ते सांगायचं कसं हे कळत नाही. मग त्यानं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा उत्कर्षानं तेलाबद्दल खोटं सांगितलं होतं. तिला वाटलं होतं, निदान आवाज तरी कापेल. तो कापला नाही.

आप्पा जगातल्या सगळ्या गोष्टींची विभागणी दोन ढिगांत करायचे, एक ओरिजिनल आणि दुसरा सिंथेटिक. पिशवीतलं दूध सिंथेटिक. सुनांच्या बाजारू साड्या सिंथेटिक. जमीन विकून आलेल्या पैशातून त्यांनी बंगला बांधला तेव्हा समोरची हिरवळ मात्र प्लॅस्टिकची घातली, पण त्याबद्दल त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि पुतणी सिंथेटिक. कारण उत्कर्षाला त्यांच्या थोरल्या भावानं, कोंडीरामनं, दत्तक देणाऱ्या संस्थेतून आणलं होतं, ती अंगावरच्या दुपट्यासकट एका काखेत मावत होती तेव्हा. लहानपणी आप्पा तो शब्द थट्टेत वापरायचे. “आमची सिंथेटिक पुतणी पयली आली बरं का वर्गात!” त्यात कौतुकही असायचं. कोंडीराम मात्र एकदाही हसले नव्हते.

आदल्या वर्षीच्या चैत्रात कोंडीराम गेले. जायच्या आधी दवाखान्यात, आप्पांचा हात हातात धरून त्यांनी सांगितलं होतं, “अग्नी माझी उत्कर्षा देईल.” आप्पांनी मान हलवली होती. पण नदीकाठच्या स्मशानात तिनं पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं, पहिलं पाऊल टाकलं, आणि आप्पांनी ते मडकं तिच्या खांद्यावरून उचलून आपल्या मुलाच्या, विक्रमच्या खांद्यावर ठेवलं.

“रक्ताची आसती तर पोरगी का आसंना, चाललं आसतं,” ते म्हणाले. “ही सिंथेटिक हाय. हितं न्हाय चालत.”

आणि कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही, नाकातून सुटावं तेवढंच. सवयीनं, कारण या शब्दावर हसायची सगळ्यांना सवयच होती. मग आणखी दोघं-तिघं ओठ दाबून खाली बघू लागले. समोर तिचे वडील लाकडांवर होते. उत्कर्षा बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिच्या ओल्या खांद्यावरचं पाणी वाऱ्यानं वाळून गेलं.

अपमान तिला समजू शकला असता. रूढी म्हणून सोडूनही दिला असता. त्या हसण्याचं काय करायचं, हे तिला दीड वर्ष समजत नव्हतं. खंडेनवमीला समजलं.

त्या रात्री ती स्वस्थ झोपली.

आपण काय केलं आहे, याबद्दल तिच्या मनात कुठलाही धूसरपणा नव्हता. आप्पा ज्याला ओरिजिनल म्हणत होते ते खनिज तेल. जमिनीतून निघालेलं कच्चं तेल गाळून, शुद्ध करून केलेलं. कितीही शुद्ध करा, त्यातले रेणू एका मापाचे नसतात. हलके असतात ते उष्णतेनं उडून जातात, जड असतात ते थंडीत गोठू बघतात, आणि फार तापलं की उरतो तो कोळसा. जुन्या, संथ इंजिनाला ते पुरतं. कोंडीरामांच्या ट्रॅक्टरनं आयुष्यभर तेच पचवलं. सिंथेटिक म्हणजे नकली नव्हे. ते जुळवून केलेलं असतं. कुणीतरी विचार करून, कशाला काय जोडायचं हे ठरवून, एका मापाची साखळी बांधलेली असते. म्हणून ते तापातही तग धरतं. आप्पांच्या गाडीच्या टर्बोमधला, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेत होता आणि त्याला आधार होता फक्त तेलाच्या पातळ थराचा. गाडी बंद केली की तिथलं गरम तेल जागच्या जागी भाजत राहणार. ओरिजिनल असेल तर त्याची खपली धरणार. खपलीवर खपली, आणि एक दिवस तेलाची वाटच बंद.

शिवाय आप्पांची गाडी पळायची कमी आणि उभ्या उभ्या जळायची जास्त. या साइटवर बिल्डरशी बोलणं, त्या साइटवर वकिलाची वाट पाहणं. एसी चालू, इंजिन चालू. किलोमीटरचा काटा जागचा हलत नसे आणि तेल आत कढत असे. हे तिनं गृहीत धरलं होतं.

थंडीत विक्रमचा फोन आला. विक्रम तिच्याहून आठ वर्षांनी लहान, हिंजवडीत नोकरीला. स्मशानातून परतताना तोच तेवढा तिला म्हणाला होता, “सॉरी ताई, मला काही सुचलंच नाही.” 

“ताई, एक टेक्निकल डाउट आहे. आप्पांची गाडी सकाळी स्टार्ट होताना जाम कुरकुर करते. पिकअप पण डाउन झालाय. ऑइलचा इश्यू असेल का?”

इथे परत फिरता आलं असतं. तेल काढा, इंजिन धुऊन घ्या, योग्य तेल घाला. टर्बो अजून वाचला असता. उत्कर्षा खिडकीशी उभी होती. खाली सोसायटीच्या फाटकाशी वॉचमन शेकोटीत पुठ्ठे घालत होता.

“थंडी आहे रे,” ती म्हणाली. “दोन मिनिटं उभी ठेवून गरम करत जा.”

“बास एवढंच?”

“एवढंच.”

हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं. फोन ठेवल्यावर आई, यमुनाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाली, “कुणाचा गं?” 

“विक्रमचा. गाडीचं विचारत होता.”

“मग सांगितलंस का?”

“सांगितलं.”

यमुनाबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि पुन्हा भाजीत चमचा घातला.

वैशाखात विक्रमचा साखरपुडा ठरला. विश्रांतवाडीच्या पलीकडचं कार्यालय, उन्हाचा कहर, दारात गुलाबपाणी शिंपडणारी पोरं-पोरी. उत्कर्षा आईला घेऊन वेळेवर पोचली होती. आईच्या हातात होणाऱ्या सुनेच्या आहेराचं ताट होतं. मुलीकडची मंडळी आधीच येऊन मांडवाच्या दोन्ही बाजूंना उभी होती, कारण आप्पांनी वाजंत्रीवाल्यांना सांगून ठेवलं होतं की मी नवऱ्या मुलाला घेऊन गाडीतनं येईन, मगच सुरू करा.

गाडी आली. फुलांनी मढवलेली, काचेवर विक्रम आणि नीरजा अशी नावं. विक्रम उतरला. आप्पा ड्रायव्हरच्या बाजूनं उतरले, फेटा सारखा केला. एसीचा गारवा राहावा म्हणून इंजिन त्यांनी चालूच ठेवलं होतं. त्यांना आणायला आलेल्या मुलीच्या मामांना मागच्या सीटवरून हात देऊन उतरवत असताना आवाज बदलला.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. वाजंत्री सुरू झाली होती. मग वाजंत्रीवालेच थांबले. कुणी पाय ठेवलेला नसताना इंजिन आपणहून चढत होतं. घरघर, मग गर्जना, मग किंचाळी. मागून निघालेल्या पांढऱ्या धुरानं आधी कार्यालयाची पाटी झाकली, मग मुलीकडची माणसं.

“आप्पा, बंद करा!” विक्रम ओरडला.

आप्पांनी आत हात घालून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. चावी खिशातून काढून हातात घेतली, गाडीसमोर धरली, जणू गाडीनं ती ओळखायला हवी. इंजिन चढतच होतं.

गर्दीत एकट्या उत्कर्षाला माहीत होतं काय चाललं आहे. टर्बोचा दांडा गेला होता, आणि त्या फटीतून इंजिनचं स्वतःचंच तेल हवेच्या वाटेनं आत ओढलं जात होतं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. जळेल असं काहीही आत गेलं की पुरे. बटणानं डिझेल बंद झालं होतं. तेल बंद करायला बटण नव्हतं. आप्पांची गाडी आप्पांचं ओरिजिनल तेल पीत होती आणि संपेपर्यंत थांबणार नव्हती.

तिनं गृहीत धरलं होतं की टर्बो शिट्टी मारून मरेल, गाडीचा जोर जाईल, आप्पांना कुठल्यातरी चढावर ढकलत न्यावी लागेल. इतकं तिनं मागितलं नव्हतं. पण मिळालं, तर तिनं ते डोळे भरून पाहिलं. धुरात उभे आप्पा, तिरपा झालेला फेटा, हातात निकामी चावी. आणि मुलीकडच्या गर्दीतून कुणीतरी हसलं. नाकातून सुटावं तेवढंच.

तेवढ्यात विक्रम बॉनेटकडे धावला.

उत्कर्षा कधी हलली ते तिलाही कळलं नाही. तिनं त्याच्या शेरवानीची कॉलर मागून धरून त्याला असा खेचला की वरची गुंडी तुटून उडाली. “लांब हो! हात लावू नकोस, फुटेल ते!” संतोषही गर्दीतून पुढे आला होता, नव्या शर्टात, हातात कुणाचातरी टॉवेल. “हवा बंद करा लागते तिची, हवा!” असं ओरडत तो दोन पावलं गेला आणि उष्णतेनं मागे सरला. मग आतून कुणीतरी मोठा हातोडा आपटावा तसा एक ठोका आला, गाडी जागच्या जागी हादरली आणि सगळं शांत झालं. पुढच्या चाकांमधून काळं, दाट असं काहीतरी डांबरावर गळू लागलं.

आप्पा संतोषकडे वळले.

“भाडखाऊ! काय घातलंस माझ्या गाडीत?”

“आप्पासाहेब, तुमी सांगितलं तेच…”

“माझ्या पावण्यांसमोर माझी आब्रू घालवलीस. उद्याच्या उद्या शेड मोकळं करायचं. सामान भायेर दिसलं पायजे मला, समजलं? त्या वाशीमला जाऊन बैलगाड्यांना वंगण लाव!”

संतोषचं तोंड उतरलं. त्यानं एकदाच उत्कर्षाकडे पाहिलं. तिनं सांगितलं होतं हे सगळ्या भाऊबंदांनी ऐकलं होतं, पण आता कुणालाही ते आठवत नव्हतं, आणि आठवलं असतं तरी आप्पांसमोर कुणी आठवून दाखवलं नसतं.

इथे गप्प राहिलं तर सगळं जमून आलं होतं. आप्पांची फजिती झाली होती, गाडी संपली होती, आणि दोष एका परक्या माणसावर जाऊन बसला होता. पण आप्पांना माहीतच नसेल की हे कुणी केलं आणि कशासाठी, तर ते घडलं काय? नुसता एक बिघाड. गाड्यांचे बिघाड रोज होतात.

“संतोषनं नाही, आप्पा,” ती म्हणाली. “मी.”

“काय तू?”

“तेल. खंडेनवमीला तुम्ही मला विचारलंत. संतोष बरोबर सांगत होता. मी चुकीचं सांगितलं.”

“आगं, चुकतं मानसाचं. तू मदी पडू नगं. ह्याला कळाया पायजे व्हतं…”

“माझं चुकलं नाही. मी मुद्दाम सांगितलं.” तिचा आवाज प्रयोगशाळेत अहवाल वाचून दाखवावा तसा होता. “गाडी अशीच जाणार हे मला माहीत होतं. थंडीत विक्रमनं फोन केला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा सांगितलं असतं तर वाचली असती. नाही सांगितलं.”

विक्रमचा हात उघड्या गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. त्यांना राग येण्याआधी समजून घ्यायचं होतं आणि ते समजणं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वर चढत होतं.

“का?” 

“बाबांना अग्नी मी द्यायचा होता.”



“त्याला दोन वर्सं झाली,” आप्पा म्हणाले.

“हो.”

“माझ्या पोराच्या साखरपुड्याला तू… तुज्या बापाला आवडलं आसतं व्हय गं हे?”

“नसतं आवडलं,” उत्कर्षा म्हणाली. “त्यांनी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. ते माझे वडील होते, आप्पा, पण सगळंच काही त्यांच्याकडून माझ्यात आलेलं नाही. तुम्हीच सांगत होतात ना.”

आप्पांचा हात वर गेला. मारायला की तिला दूर व्हायला सांगायला, कुणालाच कळलं नाही. बहुधा त्यांनाही नाही. तो तसाच खाली आला. मुलीचे मामा पुढे होऊन “मुहूर्त टळतोय” असं काहीतरी पुटपुटले.

“हिला आत घेऊ नका,” आप्पा वळून कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाले. “आन् तू,” हे संतोषला, त्याच्याकडे न बघता, “तू ऱ्हा शेडात.” 

विक्रम तिच्याकडे एक पाऊल आला. मग नीरजा दारात उभी आहे हे त्याला दिसलं आणि तो गुंडी तुटलेली कॉलर हातानं दाबून आत गेला. उत्कर्षाला त्याचा राग आला नाही. तेव्हाही त्याला काही सुचलं नव्हतं.

संतोष गाडीखाली वाकून तो काळा गाळ बोटावर घेऊन बघत होता. उत्कर्षा त्याच्यापाशी गेली.

“संतोष, मी आधी बोलायला हवं होतं.”

“मॅडम, तुमच्या घरचं भांडण होतं,” तो म्हणाला. बोट त्यानं टॉवेलला पुसलं, नीट, प्रत्येक पेर. “पण तेल माझ्या हातानं गेलं गाडीत. मले माहीत होतं चूक हाये, तरी तुमी म्हणल्या म्हणून ओतलं. मले वाटलं, मॅडमले जास्त समजते.” तो उभा राहिला. “आता यापुढं तुमच्या प्रयोगशाळेचा कागद असला तरी मी आधी पुस्तक पाहीन.”

आप्पांच्या हातातली निकामी चावी बघून जे समाधान मिळालं होतं, त्यातलं थोडंसं तिथेच वजा झालं. सगळं नाही. ती प्रामाणिकपणे हिशेब करणारी बाई होती आणि सगळं वजा झालं असं ती स्वतःलाही सांगू शकली नसती.

यमुनाबाईंनी आहेराचं ताट दारातल्या खुर्चीवर ठेवलं, त्यावर रुमाल सारखा केला आणि पदर डोक्यावर ओढला. “चल,” त्या म्हणाल्या. 

“तू थांब आई,” उत्कर्षा म्हणाली. “तुला कुणी जा म्हटलं नाही.”

“चल म्हनले ना.”

दोघी रस्त्याच्या कडेनं रिक्षाच्या थांब्याकडे निघाल्या. ऊन टाळूवर होतं. मागे वाजंत्री पुन्हा सुरू झाली होती, थोडी बेसूर. यमुनाबाई तिच्या बाजूनं पदर धरून चालत होत्या. स्मशानात बायका गेल्या नव्हत्या. उत्कर्षा तेवढी गेली होती, आणि ती घरी परतल्यावर तिच्या ओल्या खांद्याकडे बघून यमुनाबाईंनी काय झालं ते ओळखलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“दुरुस्त हुईल का गं ती गाडी?”

“नाही. इंजिनच नवं घालावं लागेल.”

“हं.” चार पावलं गेल्यावर त्या म्हणाल्या, “मला आधी सांगायचं न्हाईस व्हय?”

“सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस.”

यमुनाबाई थांबल्या. मागे वळून त्यांनी कार्यालयाकडे पाहिलं. धूर विरत आला होता आणि चारजण मिळून ती फुलांनी मढवलेली गाडी दारातून बाजूला ढकलत होते. ती हलत नव्हती.

“न्हाय,” त्या म्हणाल्या. “म्होरं जाऊन उभी ऱ्हायले आसते. मला मेलीला मागनं नीट दिसलंच न्हाय.”